पोरांची फटफटी आणि बापाचा सातबारा

महसूल खात्यांत तीस-पस्तीस वर्षें लेखणी झिजवून मी गेल्या वर्षीं सेवानिवृत्त झालों. त्यांतील बराचसा काळ तहसील कचेरींत फेरफार आणि वसुली या दोन कामांवर गेला. माझें शिक्षण बेताचें, मराठी शाळेपुरतें. तेव्हां तरुणांच्या वर्तनाविषयीं कांहीं लिहावयाचें म्हटलें तर माझ्यापाशीं शास्त्राधार नाहीं, दप्तराचा आधार आहे. हल्लींचीं पोरें बिघडलीं, ही ओरड माझ्या आजोबांनींहि माझ्या वडिलांविषयीं केली होती; ती पुन्हां एकदां करण्यासाठीं या मासिकाचीं पानें अडवावीं असें मला वाटत नाहीं. बेफाम वेगानें मोटारसायकल हांकणें, डोक्यावर हेल्मेट न घालणें, एका गाडीवर तिघांनीं बसणें, ढाब्यावरून उठल्यावर रात्रीं तशीच गाडी गांवाकडे पिटाळणें, असल्या धाडसाची किंमत अखेर कोणाच्या खातीं नांवें पडते, एवढाच प्रश्न मला वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतों, जी कचेरींत बसल्याखेरीज सहसा ध्यानांत येत नाहीं. चोवीस-पंचवीस वर्षांचा कर्ता मुलगा रस्त्यावर मेला तर त्याच्या मृत्यूची नोंद बहुधा सातबाऱ्यावर होतच नाहीं. जमीन अद्याप बापाच्या नांवावर असते. मुलाचें नांव तेथें चढलेलेंच नसतें, तर कमी कोठून व्हावें? उतारा वाचणाऱ्या परक्या माणसाला त्या घरांत कांहीं घडलें अशी शंकाहि येणार नाहीं. मात्र पुढील वर्षा-दोन वर्षांत इतर हक्कांच्या रकान्यांत एखादा बोजा वाढतो. विहिरीजवळचा चांगला गट खरेदीखतानें दुसऱ्याच्या नांवें जातो. मुलगा वांचावा म्हणून आठ-पंधरा दिवस जें इस्पितळ केलें, त्याचें बिल असें जमिनीवर उतरतें. अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न घेतां उपचार करण्याची केंद्र सरकारची योजना २०२५ सालीं निघाली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु मेंदूला मार लागलेला रोगी सात दिवसांत घरीं येत नसतो.

पुढें दहा-पंधरा वर्षांनीं म्हातारा जातो, वारसनोंदीचा अर्ज येतो, आणि त्यांत मयत मुलाची विधवा व तिचीं मुलें यांचीं नांवें गाळलेलीं असतात. कायद्यानें तीं वारस आहेत. पण दिरांना तें नेमकें त्या दिवशीं आठवत नाहीं. एक बाई मला विशेषेंकरून आठवते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षीं तिचा नवरा लग्नाच्या वरातीहून परत येतांना पुलाच्या कठड्यावर आदळून गेला होता. तिनें माहेरीं राहून, शिवणकाम करून मुलगा वाढविला. आणि फेरफारावर हरकत घेण्यासाठीं त्याच मुलाला बरोबर घेऊन ती कचेरीच्या पायरीवर बसली होती. मुलाच्या ओंठांवर मिसरूड फुटलें होतें. बाप गेला तेव्हां हा पाळण्यांत होता, एवढें सांगून ती गप्प राहिली. तिचें नांव पुढें लागलें; पण त्यासाठीं प्रांतसाहेबांपर्यंत अपील करावें लागलें, आणि दिरांच्या घरीं जाणें-येणें कायमचें तुटलें.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें २०२२ सालचे जे आंकडे प्रसिद्ध केले आहेत, त्यांप्रमाणें त्या एका वर्षांत देशांत ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसें मेलीं. आपल्या राज्याचा वांटा १५,२२४. देशांत मेलेल्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ होतीं. आणि शेंकडा ६६ माणसें अठरा ते पंचेचाळीस या वयांतील, म्हणजे नांगरास जुंपलेल्या बैलाच्या वयाचीं होतीं. शहराच्या गर्दींत माणसें मरतात आणि आपलें खेडें बरें, अशी आपली एक समजूत असते. तीहि या आंकड्यांपुढें टिकत नाहीं, कारण शेंकडा ६८ मृत्यु ग्रामीण भागांत झालेले आहेत. रस्ता डांबरी झाला, गाडीचा वेग चौपट झाला, पण वळणें बैलगाडीच्या काळचींच राहिलीं.

हें झालें मरणाऱ्यांचें. पोरगा वांचतो आणि दुसऱ्यास मारतो, तेव्हां काय होतें? मी वसुलीच्या टेबलावर असतांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा एक दाखला कलेक्टर कचेरींतून आमच्याकडे आला. गाडी बापाच्या नांवावर. चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा. परवाना अर्थातच नाहीं. आणि विम्याची मुदत चार महिन्यांपूर्वीं संपलेली. रस्त्याच्या कडेनें पायीं चाललेला एक शेतमजूर जागींच ठार झाला होता. त्याच्या बायकोनें दावा केला, न्यायाधिकरणानें गाडीच्या मालकावर कांहीं लाखांची भरपाई बसविली, आणि मालकानें ती भरली नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ यांतील कलम १७४ आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल. भरपाईची रक्कम न दिल्यास न्यायाधिकरणानें कलेक्टरास दाखला द्यावा, आणि कलेक्टरानें ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावी, असें तें कलम आहे. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें, या तीन शब्दांचा अर्थ शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नसावी: प्रथम मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, मग जमिनीची जप्ती आणि लिलांव, अटकेची तरतूदहि कायद्यांत आहे. शेतसारा म्हणाल तर वर्षाला थोड्या रुपयांचा. त्याच्या बाकीसाठीं कोणाची जमीन लिलांवांत गेलेली माझ्या साऱ्या नोकरींत मीं पाहिली नाहीं. पण त्या गृहस्थाच्या उताऱ्यावर बोजा चढविण्याचें टिपण मीं स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि मी सेवानिवृत्त झालों तोंवर तो बोजा उतरलेला नव्हता. बोजा पाहून बँकेनें पुढील कर्ज नाकारलें; ठिबकाचे बेत राहून गेले. ते गृहस्थ माझ्या परिचयाचे. कचेरींत येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, गाडी तर मी चालवीत नव्हतों!" खरेंच नव्हते चालवीत. परंतु कायदा गाडीचा मालक कोण हें विचारतो. मयत मजुराच्या बायकोस जमीन नव्हती. त्यामुळें तिच्या नुकसानीचें कोणतेंहि दप्तर आमच्या कचेरींत नव्हतें. बापाच्या कर्जाची हळहळ गांवानें केली. तिची चौकशी करणारे थोडे.

विमा आहे ना, मग काळजी कशाची, असें पुष्कळ जण म्हणतात. त्यांनीं पॉलिसीचा कागद एकदां कोणाकडून तरी वाचवून घ्यावा. मालक-चालकासाठीं पंधरा लाखांचें जें अपघात संरक्षण असतें, तें मालक स्वतः गाडी चालवीत असला आणि त्याच्यापाशीं परवाना असला तरच लागू पडतें. आपल्याकडे गाडी बापाच्या नांवें घ्यावयाची आणि चालवावयाची मुलानें, ही घरोघरची चाल. त्या मुलाच्या बाबतींत हें संरक्षण असून नसल्यासारखेंच. दुसऱ्याच्या नुकसानीसाठीं जो सक्तीचा विमा असतो त्यांतहि चालविणाऱ्यास परवाना नसल्यास, कंपनी दावेदारास पैसे देऊन तेच पैसे मालकाकडून परत वसूल करूं शकते. राज्य सरकारची २०२३ सालापासूनची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तींत अपघाती मृत्यु झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु अंमली पदार्थांच्या नशेंत असतांना झालेला अपघात तींतून वगळलेला आहे. ढाब्यावरची बाटली अशी एका रात्रींत दोन लाखांची होते.

आतां थोडें आपल्याविषयीं. मुलगा प्रथम गाडीवर बसतो तो मौजेसाठीं नव्हे, आपल्या कामासाठीं. पहांटे दुधाची किटली डेअरीवर पोंचवावयाची असते, मळ्यांत भाकरी न्यावयाची असते, तालुक्याहून औषधाचा डबा आणावयाचा असतो. तेरा-चौदा वर्षांचें पोर हें सारें पटकन करून येतें, आणि आपण शेजाऱ्यापाशीं त्याचें कौतुक करतों. माझ्या घरींहि हेंच झालें. माझा थोरला मुलगा सोळाव्या वर्षीं रोज सकाळीं किटली हँडलला अडकवून जात असे. मी सरकारी नोकर, कायदा जाणणारा. पण दूध वेळेवर पोंचत होतें म्हणून गप्प बसलों. एके दिवशीं धुक्यांत किटली चाकांत अडकून तो पडला. मांडीचें हाड मोडलें. सहा महिने तो अंथरुणावर, त्याची आई त्याच्या उशाशीं, आणि कांदा लावणीचा हंगाम तसाच गेला. दहावीच्या परीक्षेंचें वर्षहि गेलें तें गेलेंच. तो आजहि किंचित लंगडतो. मला त्याबद्दल एक शब्द बोललेला नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें आतां कायदाहि कडक झाला आहे. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. ही शिक्षा अन्यायाची आहे असें म्हणणारे भेटतात. मला स्वतःला ती तशी वाटत नाहीं. दूध कोणाचें होतें?

मुलगा मोठा झाल्यावरचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याचें सोपें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, नोकरी नाहीं, शेतींत बापाच्या हाताखालीं राबतो, आणि शेतकरी नवरा नको म्हणून स्थळें परत जातात. अशा मुलास दोनशे सीसीची नवी गाडी हवी असते. बाप ती कर्ज काढून देतो. कारण गाडी पाहून तरी लग्न जुळेल अशी आशा असते, आणि नाहीं म्हटल्यास पोरगा जिवाचें कांहीं बरें-वाईट करून घेईल अशी भीति असते. ही भीति खोटी नाहीं. तिला हंसणाऱ्यांनीं आपल्या तालुक्यांतील गेल्या दहा वर्षांच्या मयतांची यादी आठवून पाहावी. म्हणून गाडी देऊंच नका असा उपदेश मी करणार नाहीं. परंतु देतांना ती मुलाच्याच नांवानें घ्यावी, परवाना हातीं येईपर्यंत किल्ली आपल्यापाशीं ठेवावी, विम्याची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी, आणि हेल्मेट गाडीबरोबरच विकत घेऊन बाप म्हणून पहिल्यांदा स्वतः घालावें. बाप टोपीवर गाडी चालवितो आणि मुलानें हेल्मेट घालावें म्हणतो, तेव्हां मुलगा काय समजतो तें निराळें सांगावयास नको. आणखी एक नवल मला नेहमीं वाटतें. रात्रीं शंभराच्या वेगानें गाडी सोडणारा हाच मुलगा एका एकरावर नवें पीक घेऊन पाहूं या म्हटलें कीं दहा शंका काढतो. आणि त्यानें कधीं अशी गोष्ट सुचविलीच तर आपण त्याला गप्प बसवितों. जेथें धाडस पाहिजे तेथें आपण तें करूं देत नाहीं.

शेवटीं उसाच्या ट्रॉल्यांविषयीं, कारण गळीत हंगाम तोंडावर आला आहे. दरवर्षीं कारखान्याच्या रस्त्यावर दुचाकीवरचीं पोरें उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून मरतात, आणि आपण म्हणतों, केवढ्या वेगानें आलीं! वेग असतोच. पण त्या ट्रॉलीला मागें दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानें माखलेला किंवा कधींच लावलेला नसतो, आणि ऊस बाहेर हातभर आलेला असतो. टायर फुटलें कीं चालक ती रस्त्यावरच ठेवून चार दगड मांडून जेवावयास जातो. ट्रॉली हलली तरी दगड रात्रभर तेथेंच. मरणाऱ्याचें धाडस आणि आपला निष्काळजीपणा हे दोन्ही त्या एका जागीं एकमेकांस भेटतात. पहिल्यावर आपला ताबा थोडा. दुसरा तर सर्वस्वीं आपल्या हातांतला आहे. तांबडी रिफ्लेक्टर पट्टी एका पोत्याच्या खतापेक्षां स्वस्त मिळते. तेव्हां येत्या सभेंत आपल्या सोसायटीनें एवढा ठराव करावा, कीं सभासदाची जी ट्रॉली मागच्या दिव्यावांचून व पट्टीवांचून रस्त्यावर येईल, तिची नोंद चिटणिसांनीं वहींत घ्यावी आणि ती वही पुढील सभेंत सर्वांसमक्ष वाचावी. नांव वाचलें जाण्याची लाज दंडापेक्षां अधिक काम करते, हा कचेरींतील माझा जुना अनुभव आहे.

हा लेख लिहीत असतां वाड्याबाहेर जाऊन पाहून आलों. माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॉलीला डाव्या बाजूस पट्टी आहे, उजवीकडची निघून गेली आहे, आणि दिव्याची तार उंदरानें कुरतडलेली आहे. रविवारीं तालुक्याच्या बाजारास जाईन तेव्हां तें सामान आणावयाचें आहे.