शेरा कुठे गेला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. पुतण्याशी, आणि त्याच्या सगळ्या पिढीशी.

गणपतीत तो कणकवलीला आला तेव्हा माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर चढवायला घेतली. नोंदी मोंगोडीबीत. तिथे ठरीव रकाने लागत नाहीत, प्रत्येक नोंद म्हणजे सुटा कागद. मग एकात 'जन्मतारीख', दुसऱ्यात 'जन्मदिनांक' असा गोंधळ होतो, म्हणून प्रोग्राम आणि साठा यांच्यामध्ये एक कारकून बसवतात. त्याचं नाव मोंगूस. (इंग्रजीतला हा शब्द आपल्या मुंगुसावरूनच गेला म्हणतात. असो.) कोणते रकाने, कुठे तारीख, कुठे आकडा, काय सक्तीचं, हे त्याला एकदा लिहून द्यायचं.

याला माझा विरोध नाही. जन्मभर जनरल रजिस्टर हाताळलेल्या माणसाला रकान्यांचं वावडं कसं असेल? पण आराखड्यात नसलेलं काही भरलं, की हा कारकून ते गुपचूप गाळतो. ना विचारणं, ना चूक दाखवणं! मी जुन्या वहीतून वाचून दाखवलेले शेरे, 'वडील वारले, मामाकडे मुंबईस गेला', 'मध्येच शाळा सोडली, पुन्हा आली', सगळे हवेत. कारण आराखड्यात 'शेरा' नव्हता. पुतण्या म्हणतो, "काका, डिफॉल्टच तसं आहे."

अरे, मग डिफॉल्टच चुकीचं आहे! शाळेतला कारकून अडला की मुख्याध्यापकांना विचारायला यायचा. मोंगूसलाही ते शिकवता येतं. 'स्ट्रिक्ट'पुढे 'थ्रो' लिहिलं की तो अडून बसतो, चूक दाखवतो. एका शब्दाचं काम, पण ते करतं कोण?

सक्तीचंही तसंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरला. फार चांगलं झालं. पण उद्या कुणी उत्साहाने 'आईचं नाव सक्तीचं' लिहिलं, की १९७५ साली दाखल झालेल्या मुलाचा नुसता फोन नंबर बदलायला गेलं तरी मोंगूस नोंद जतन करणार नाही. खरं तर ही सक्ती जन्मतारीख पाहून लावता येते, तशी सोय आहे. पण घाईतली पोरं काय करतात? त्या रकान्यात एक टिंब टाकतात आणि पुढे जातात.

आईच्या नावाच्या जागी टिंब!