विश्लेषण : कुत्रा विव्हळत नाही, मग वेदनेची गोळी बंद करावी का?

डॅशहंडची पाठ दुखायची थांबली, तो शेपूट हलवत दारापर्यंत येऊ लागला, वाटीतलं सगळं संपवू लागला की घरात एक प्रश्न हमखास निघतो : 'आता बरा दिसतोय, मग रोज तीन वेळा गोळ्या कशाला?' अनेक घरांत गोळी इथेच बंद होते. काही दिवसांनी पाठ पुन्हा धरते आणि दोष औषधाला दिला जातो. खरी अडचण मात्र वेगळी असते. दीर्घकाळच्या वेदनेचं औषध कुत्र्याच्या चेहऱ्याकडे बघून चालू-बंद करायचं नसतं.

नेमका आजार काय?

डॅशहंडसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये मणक्यांमधली गादी लवकर झिजते, कडक होते आणि कधी कधी फुटून मज्जारज्जूवर दाबते. स्वीडिश पशुवैद्य हान्स-यॉर्गन हान्सेन यांनी १९५०च्या दशकात या आजाराचे दोन प्रकार मांडले. त्यातला पहिला प्रकार या जातींमध्ये जास्त दिसतो. आखूड पाय आणि लवकर झिजणारी गादी यांच्यामागे एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत आहे, असं २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. म्हणजे एक गादी बरी झाली, तरी बाकीच्या गाद्यांची प्रवृत्ती तीच राहते.

यात दोन प्रकारची वेदना असते. एक सुजेची आणि दुसरी दबलेल्या मज्जातंतूची. त्यामुळे औषधंही दोन वेगळ्या जातींची लागतात.

कोणतं औषध काय करतं?

सुजेवर कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम किंवा फिरोकॉक्सिबसारखी औषधं दिली जातात. काही रुग्णांमध्ये डॉक्टर त्याऐवजी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड निवडतात. 'त्याऐवजी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ही दोन्ही एकत्र दिली तर जठरात अल्सर होऊ शकतो, आतडं फाटूही शकतं. एकावरून दुसऱ्यावर जातानाही मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवावं लागतं आणि ते डॉक्टर ठरवतात.

मज्जातंतूच्या वेदनेवर बहुतेकदा गॅबापेंटिन दिलं जातं. हे मुळात माणसांच्या अपस्मारावरचं औषध आहे. कुत्र्याच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडतं. रक्तातलं प्रमाण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं, म्हणून ते साधारण आठ तासांनी द्यावं लागतं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. नोकरी करणाऱ्या घरात दुपारचा डोस नेमका चुकतो. तो चुकणार असेल तर पहिल्याच भेटीत सांगावं. प्रीगाबालिनसारखं, साधारण बारा तासांनी देता येणारं औषध बसतं का, हे डॉक्टर पाहू शकतात. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायचा नाही.

ट्रामाडॉलबद्दलही एक गैरसमज आहे. माणसात त्यापासून वेदना शमवणारा जो घटक तयार होतो, तो कुत्र्याच्या शरीरात फारच कमी बनतो. 'आजोबांना लागू पडलं' हा दाखला इथे चालत नाही.

घरातली गोळी का नको?

मेडिकलमधून माणसांसाठी आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याचं मूत्रपिंड आणि जठर बिघडवू शकते. औषध तेच असलं तरी मात्रा वेगळी असते. मेलॉक्सिकॅमची कुत्र्यासाठी रोजची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. आठ किलोच्या डॅशहंडला ०.८ मिलिग्रॅम. माणसांची लहान गोळीच ७.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे नऊ पटींहून जास्त. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, काही गॅबापेंटिन द्रावणांतही, झायलिटॉल हा गोडवा असतो. तो कुत्र्यांना विषारी आहे.

मग गोळी बंद कधी?

गॅबापेंटिन बरेच दिवस चालू असेल तर ते टप्प्याटप्प्यानं कमी करतात. एकदम थांबवलं तर वेदना उसळू शकते आणि ज्याला आधीच झटके येतात त्याला ते पुन्हा येऊ शकतात. स्टेरॉइडचं तर अधिकच काटेकोर आहे. ते बरेच दिवस चालू असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. अचानक बंद केल्यास कुत्रा कोसळू शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. वेदना गेली म्हणजे गादी भरून आली असं नाही. गोळीमुळे बरं वाटणारा कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो आणि दुखापत वाढवून घेतो. म्हणून औषधाइतकीच विश्रांतीही पाळावी लागते, साधारण काही आठवडे. शिवाय कुत्र्यांमधील गॅबापेंटिनच्या परिणामाचा पुरावा अजून मर्यादित आहे. त्यामुळे लागू पडतंय का, हे प्रत्येक कुत्र्यात तपासूनच ठरवावं लागतं. लागू पडत नसेल तर ते वर्षानुवर्षं चालू ठेवण्यातही अर्थ नाही.

मालकाचं काम कोणतं?

मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम. घरच्यांनी नोंद ठेवायची. कुत्रा वेदना लपवतो. विव्हळण्याआधी तो पाठ कमानीसारखी करतो, पोट घट्ट धरतो, मान खाली घालून खाणं टाळतो, जिन्याशी थबकतो, रात्री विनाकारण धापा टाकतो, उचलायला गेलं की चिडतो. यातली तीन-चार लक्षणं ठरवून रोज ० ते १० गुण द्यावेत. डोसची वेळ आणि गुंगी किती आली, हेही लिहावं. सुरुवातीची गुंगी आणि डुलत चालणं बहुतेकदा काही दिवसांत कमी होतं. आठवड्यातून एकदा चालण्याचा मोबाइल व्हिडिओ घ्यावा, कारण दवाखान्यातल्या घाबरलेल्या कुत्र्याचं दुखणं दिसेलच असं नाही.

उलट्या, काळी डांबरासारखी शी किंवा अन्न टाळणं दिसलं तर सुजेचं पुढचं औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. मागचे पाय ओढत चालणं, पाय लुळे पडणं किंवा लघवी न होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्यावर ढकललं तर शस्त्रक्रियेची संधी हातून जाऊ शकते.

पण सगळी जबाबदारी मालकावर टाकून चालणार नाही. वेळांसह डोस, चुकल्यास काय करायचं, कधी आणि कसं कमी करायचं, हे चार ओळींत मराठीत लिहिलेलं कार्ड दवाखान्यातून मिळालं तर घरातल्या आजींनाही दुपारी दोनची गोळी देता येईल. आज बहुतेक ठिकाणी हा तपशील तोंडी सांगितला जातो आणि घरी पोहोचेपर्यंत अर्धा विसरला जातो. पशुवैद्यांना यासाठी दोन मिनिटं लागतील. मालकांनीही पुढच्या भेटीत ते मागून घ्यावं.