मक्त्याचे सॉफ्टवेअर आणि चौथे साल



जमीन मक्त्याने करणे वऱ्हाडात कोणाला शिकवावे लागत नाही. साल संपले की जमीन मालकाची. पण वेचलेला कापूस आणि खळ्यावरची ज्वारी ज्याने पेरली त्याची. आता शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या दारात सॉफ्टवेअरवाले येतात, तेही मक्ताच मागतात. सॉफ्टवेअर विकत मिळत नाही. ते दूर त्यांच्या संगणकावर चालते. आपण फोनवरून हिशेब भरायचा आणि महिन्याचे भाडे मोजायचे.

भाड्याला विरोध नाही. संगणक त्यांचा, दुरुस्ती त्यांची, कराचा नियम बदलला तर बदलही त्यांनीच करायचा. लहान कंपनीने स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून घेणे म्हणजे दोन एकरांसाठी ट्रॅक्टर घेणे. भांडण आहे ते भाडे कशावर मोजायचे आणि साल संपल्यावर पीक कोणाचे, याचे.

हिशेब मांडा. समजा ३०० सभासद आणि दर सभासदामागे महिन्याला ३० रुपये. वर्षाचे झाले १,०८,००० रुपये. कंपनीने हंगामात २,००० क्विंटल कापूस घेतला, खर्च जाऊन क्विंटलमागे ५० रुपये सुटले, तर हाती आला एक लाख. सगळी कमाई भाड्यात आणि वर आठ हजार पदरचे! वैशाखात काट्यावर एक गाठोडे येत नाही, भाडे मात्र चालूच.

पहिली तीन वर्षे हे टोचत नाही. केंद्राच्या २०२० च्या १०,००० उत्पादक कंपन्यांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत ठेवली आहे. अनुदानातून घेतलेल्या वस्तूचा भाव कोण पाडून मागतो? चौथ्या साली अनुदान सरते. तोवर वजनपावत्या, उधारी, सभासदांची खाती सगळी तिकडे जमा. मग भाडे दुप्पट केले तरी कंपनी सोडून जाणार कुठे? सावकाराला घरात घ्यायला एक कागद पुरतो, बाहेर काढायला पिढी जाते.

भाडे क्विंटलवर घ्या म्हटले की विकणारा म्हणतो, परवडत नाही. अर्धे खरे आहे. गावोगाव फिरून गटसचिवाला आणि मापाऱ्याला शिकवायला माणूस लागतो, त्याचा पगार असतो. तो खर्च एकदा वेगळा घ्या ना! पण आणखी एक कंपनी जोडल्याने त्याच्या संगणकाला कितीसे ओझे पडते? क्विंटलमागे पाच रुपये धरले तर वरच्या कंपनीचे दहा हजार होतात. बोंडअळीने खरेदी निम्म्यावर आली तर पाच हजार. आमचे साल बुडाले तर त्याचेही थोडे बुडू द्या. ज्याला हे मान्य नाही त्याला कोरडवाहू गिऱ्हाईक कळलेले नाही.

आणि पैसे भरले म्हणजे सेवा पक्की, असेही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. पैसे भरलेले आहेत, असे नायराचे म्हणणे. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा पुन्हा सुरू झाली. तेलशुद्धीकरण कारखान्याला वकील परवडतो. वलगावच्या कंपनीने ऐन दिवाळीत कुठे जायचे?

आपल्या सेवा सहकारी सोसायट्याही याच वाटेवर आहेत. २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी मंजूर केले. सॉफ्टवेअर सगळ्या देशाला एकच, जबाबदारी नाबार्डची. तिथे करार सभासदाच्या हाती नाही. पण आपल्या खात्याचा छापील उतारा दर हंगामाआधी मागता येतो. तो मागा.

उत्पादक कंपनीत मात्र करार संचालकांच्याच सहीने होतो. सहीआधी तो मराठीत करून सभेत वाचा. भाडे कशावर, वाढ किती, सोडताना सगळा हिशेब दुसरीकडे चालेल अशा रूपात किती दिवसांत परत, बंद करण्याआधी नोटीस किती, आणि नेट नसताना पावती कशी फाडायची, हे त्यात लिहिलेले नसेल तर करार परत पाठवा आणि या हंगामाची खरेदी वहीवर करा.