खिशातल्या लवंगा आणि विमानाचे तिकीट



दर दिवाळीला या सदरात मी आकडेमोड करतो आणि दर वर्षी कोणीतरी भेटून सांगते, "सर, लेख छान होता, पण आकडे जरा जास्त झाले." संख्याशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? यंदाही आकडे आहेतच. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. गेली पाच वर्षे ती माझ्या घशात अडकून बसली आहे.

विषय निघाला तो असा. मागच्या महिन्यात पापाकुरा स्टेशनवर ओळखीतली एक मुलगी भेटली. गाडीला दहा मिनिटे होती. म्हणाली, "काका, डिसेंबरात आईबाबांना इकडे बोलावतेय. स्वस्त तिकीट मिळतंय, पण तारीख बदलता येत नाही. घेऊन टाकू का?" मी तिला म्हटले, "थांब, तुला एक गोष्ट सांगतो." गोष्ट पुरी व्हायच्या आत गाडी आली. म्हणून ती इथे पुरी करतो.

मार्च 2020 मध्ये मी आणि ही पुण्यात होतो. परतीचे तिकीट 2 एप्रिलचे. विमान कंपनीचा निरोप आला, विमान रद्द. 24 मार्चचे घ्या. दोन दिवसांत तेही रद्द. इकडून मुलाचे रोज फोन, "बाबा, मिळेल ते तिकीट घ्या आणि निघा." शेवटी एजंटाने 19 मार्चच्या रात्रीची, सिंगापूरमार्गे दोन तिकिटे मिळवून दिली. वरचे पैसे किती मोजले ते विचारू नका.

तो दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच दिवशी न्यूझीलंडने नागरिक आणि रहिवासी सोडून सर्वांना दार बंद केले. त्याच दिवशी भारताने जाहीर केले, की 22 मार्चपासून बाहेरचे प्रवासी विमान उतरू देणार नाही. रात्री आठला पंतप्रधानांचे भाषण झाले. जनता कर्फ्यू जाहीर करताना त्यांनी साठ-पासष्टच्या पुढच्यांना घरातच राहायला सांगितले. ते भाषण आम्ही मुंबई विमानतळावर, सामानाच्या ढकलगाडीला टेकून, कोणाच्या तरी फोनवर ऐकले. मी तेव्हा सत्तर वर्षांचा होतो.

आणि मला आदल्या दिवसापासून खोकला होता.

फार नव्हता. घसा खवखवत होता, मधूनच ठसका येत होता. हिने माझ्या खिशात लवंगा आणि खडीसाखर भरून दिली होती. काउंटरवरच्या मुलीने विचारले, "ताप, खोकला, सर्दी?" तोंडात लवंग धरून मी म्हणालो, "नाही."

आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, की माहिती खोटी भरली की पुढचे सगळे गणित वाया जाते. आणि वेळ आली तेव्हा मीच खोटी माहिती भरली. शेजारच्या खुर्चीत पंचविशीतली एक मुलगी होती, हॅमिल्टनला नर्स होती. तिने मला दोनदा पाणी आणून दिले. मी तोंडावर रुमाल धरून झोपेचे सोंग घेतले.

पापाकुराला पोचल्यावर चौदा दिवस घरात राहिलो. खोकला पाच दिवसांत गेला. तो करोना होता की पुण्याची धूळ, हे कधीच कळले नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले तेही कळले नाही.

आता आकडे. 29 सप्टेंबर 2020 रोजी दुबईहून एक विमान ऑकलंडला उतरले. प्रवासी 86. विलगीकरणात त्यांतले सातजण बाधित निघाले. ते निघाले होते पाच वेगवेगळ्या देशांतून, आणि सातांपैकी पाचजणांजवळ निघण्यापूर्वीच्या चाचणीचा 'निगेटिव्ह' कागद होता. इथल्या शास्त्रज्ञांनी सातही जणांच्या विषाणूची जनुकीय रचना तपासली. ती सारखीच निघाली. एका नमुन्यात तेवढा एका ठिकाणी फरक होता. सातहीजण चार रांगांच्या आत बसलेले. म्हणजे विमानातच एकाकडून दुसऱ्याकडे लागण झाली असण्याची दाट शक्यता. हा अभ्यास 2021 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. मी तो रात्री वाचला आणि वाचताना ती हॅमिल्टनची मुलगी आठवली. आमच्यामध्ये चार रांगा सोडा, चार वितीही नव्हत्या.

विमानातली हवा वाईट असते असे नाही. उडत्या विमानात तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलते, ती वरून खाली वाहते आणि फिरून येणारी हवा बारीक जाळीच्या गाळणीतून येते. आपल्या दिवाणखान्यापेक्षा ती बरी. पण ही यंत्रणा चालू असेल तोवरच. त्या दुबईच्या विमानाने क्वालालंपूरला इंधन घेतले, तेव्हा सुमारे अर्धा तास ती बंद होती. शिवाय गाळणी कितीही चांगली असली, तरी शेजाऱ्याचा ठसका आधी आपल्यापर्यंत पोचतो आणि मग गाळणीपर्यंत.

मधली खुर्ची रिकामी ठेवावी की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद झाला होता. 'वंदे भारत' योजनेत परदेशातल्या लोकांना आणणारी विमाने पूर्ण भरून येत होती. मार्च 2020 च्या सरकारी परिपत्रकात तर दोन प्रवाशांमध्ये जागा सोडा असे होते. एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे. विमान कंपन्यांच्या तब्येतीपेक्षा लोकांच्या तब्येतीची काळजी करा, असे त्यांनी सरकारला सुनावले. शेवटी जूनमध्ये उच्च न्यायालयाने मधली खुर्ची भरायला परवानगी दिली. त्याआधीच सरकारचा नवा आदेश निघाला होता, की जागा सोडणे जमत नसेल तर मधल्या प्रवाशाला अंगभर झगा द्या.

खुर्ची, झगा, गाळणी, चाचणी या सगळ्यांवर चर्चा झाली. माझ्या खिशातल्या लवंगांवर मात्र कोणी बोलले नाही. आजारी माणूस खरे का बोलत नाही? मी "हो" म्हटले असते, तर तिकीट गेले असते, पुढचे विमान कधी ते कोणालाच ठाऊक नव्हते आणि घराचे दार बंद होत होते. खरे बोलण्याची किंमत मला परवडणारी नव्हती, म्हणून ती शेजारणीवर ढकलली. तिकिटाची तारीख विनादंड बदलता येणे ही ग्राहकाची चैन नाही, मंडळी. मास्कइतकेच ते सुरक्षेचे साधन आहे. टाळेबंदीआधी काढलेल्या तिकिटांचे पैसे कंपन्या लगेच देऊ शकत नसतील, तर 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल अशी जमा रक्कम द्या आणि तिच्यात दरमहा थोडी वाढही द्या, असा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी दिला. चांगला आदेश; पण माझा ठसका तोवर उतरूनही गेला होता.

याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. एप्रिल 2021. साताऱ्याचा माझा धाकटा भाऊ आजारी पडला. 8 एप्रिलला जेसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केले, की 11 ते 28 एप्रिल भारतातून कोणालाच येता येणार नाही, न्यूझीलंडच्या नागरिकांनाही नाही. त्या दिवशी सीमेवर सापडलेल्या 23 रुग्णांपैकी 17 भारतातून आलेले होते. संख्याशास्त्रज्ञ म्हणून मला तो निर्णय कळत होता. भाऊ म्हणून कळत नव्हता. जाता आले असते, पण परत कधी येणार याचा भरवसा नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, नका जाऊ." मी गेलो नाही. त्याच सतरा दिवसांत भाऊ गेला. अंत्यसंस्कार व्हॉट्सअॅपवर पाहिले. पुतण्याचा हात थरथरत होता, चित्रही थरथरत होते.

मनात राग होता. पण रागाच्या भरातही एक प्रश्न सुटत नव्हता: कागदावर निगेटिव्ह असलेले ते प्रवासी बाधित निघाले, त्यांतल्या कितींच्या खिशात माझ्यासारख्या लवंगा होत्या? दार बंद करणाऱ्यांवर मी चिडलो होतो. दार बंद करण्याची वेळ आणणाऱ्यांत मी वर्षभर आधीच जमा झालो होतो. म्हणून सरकारला पूर्ण माफ केले असेही नाही. विलगीकरणाच्या खोल्यांची पुढे जी सोडत निघू लागली, तिने काही नागरिकांचा मायदेशी येण्याचा हक्क अकारण डावलला, असे इथल्या उच्च न्यायालयानेच एप्रिल 2022 मध्ये म्हटले.

तर स्टेशनवरच्या माझ्या मुली, उत्तर असे. थोडे जास्त पैसे मोज आणि तारीख बदलता येणारे तिकीट घे. प्रवास विम्यात साथीचा आजार धरला आहे की वगळला आहे, ते बारीक अक्षरांत वाच. आईबाबांना सांग, की खोकला असेल तर चार दिवस उशिरा या, नातवंडे कुठे पळून जात नाहीत. यावेच लागले तर मास्क लावा, विशेषतः विमान जमिनीवर उभे असताना. आणि काउंटरवर कोणी विचारले, तर खरे सांगा.

हॅमिल्टनच्या त्या मुलीपर्यंत हा अंक जाण्याची शक्यता फार कमी आहे. तरी लिहून ठेवतो: बेटा, त्या रात्री मला खोकला होता. चुकलो.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाला या, पण ठसका असेल, तर आधी फोन करा, डबा घरपोच येईल.