‘अप्रतिम’ आणि ‘क्षितिज तिरके आहे’

हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला आपल्याकडे दोनच जातींचे अभिप्राय येतात. पहिली जात ‘अप्रतिम’ची; सुरेख, लाजवाब, क्या बात है हे तिचेच गोत्र. दुसरी ‘क्षितिज तिरके आहे’ची, विषय अगदी मधोमध आला, उजवीकडचा खांब कापायला हवा होता, आयएसओ किती ठेवला होता, हे तिचे भाईबंद. पहिला अभिप्राय देणाऱ्यास आपण सहृदय म्हणतो, दुसरा देणाऱ्यास जाणकार. आमचे म्हणणे असे, की या दोघांपैकी कोणीही समोरचे छायाचित्र पाहिलेले नसते. एकाने छायाचित्रकाराचा उत्सुक चेहरा पाहिलेला असतो, दुसऱ्याने मनातल्या नियमांची यादी. या दोघांच्या कचाट्यात सापडलेला हौशी माणूस वर्षानुवर्षे तेच सूर्यास्त, तेच बुरूज आणि त्याच सुरकुतलेल्या आजीबाई टिपत राहिला, तर त्याचा दोष त्याच्याइतकाच पाहणाऱ्यांकडेही जातो.

पाहणाऱ्यांत आम्ही साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना मुद्दाम धरतो. स्नेहसंमेलन आले की मराठीच्या प्राध्यापकाला रांगोळीपासून छायाचित्रांपर्यंत सगळ्याचे परीक्षक व्हावे लागते, हे वाचकांना सांगायला नकोच. तिथे आपण एक तर ‘मला यातले तंत्र कळत नाही’ असे म्हणून अंग काढून घेतो, किंवा कुठूनसे ऐकलेले दोन-चार नियम पुढे करतो. कवितेच्या बाबतीत हे दोन्ही आपण कधी चालवून घेतले नसते.

नियमांची गोष्ट आधी निकालात काढू. ज्या ‘रूल ऑफ थर्ड्स’च्या नावाने हौशी मंडळींना सर्वाधिक दटावले जाते, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन भाग कल्पून विषय त्या रेषांवर ठेवण्याचा दंडक, तो या नावाने प्रथम मांडला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज उत्कीर्णकाराने, १७९७ साली, ग्रामीण निसर्गदृश्यांवरील आपल्या पुस्तकात. आकाश आणि जमीन, उजेड आणि छाया यांचे प्रमाण दोनास एक असे असावे, हा त्याचा आग्रह होता आणि त्याच्यासमोर होती रंगवलेली चित्रे. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली १८३९ साली. चित्रकाराला नको असलेले झाड कुंचल्याने दुसरीकडे नेता येते. छायाचित्रकाराला झाडाऐवजी स्वतःलाच दोन पावले हलावे लागते. दोन कलांच्या रीतीत एवढे अंतर असताना एकीचा ठोकताळा दुसरीची स्मृती-श्रुती होऊन बसला आहे.

नियम निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक चेहरा मधोमध कोंबणाऱ्या नवशिक्याला तो एका दुपारी बरेच काही शिकवतो. पण एका दुपारी संपणाऱ्या धड्यावर जन्मभराची समीक्षा चालवता येत नाही. गण मोजून शार्दूलविक्रीडित तपासणारे मास्तर आपण पाहिले आहेत, आणि मर्ढेकरांची संवाद, विरोध व समतोल ही त्रयी कोणत्याही कवितेला डकवणाऱ्या उत्तरपत्रिकाही तपासल्या आहेत. छायाचित्रातला ‘तृतीयांश’ त्याच पंक्तीत बसतो.

या पद्धतीचा कडेलोट २००६ साली जगाने पाहिला. कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ मधले इएर गावचे छायाचित्र प्रसिद्धच आहे: वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा आणि खालच्या रस्त्यावरून सर्रकन निघून जाणारा सायकलस्वार. फ्लिकर या संकेतस्थळावर परस्परांच्या छायाचित्रांवर ‘ठेवा’ किंवा ‘काढून टाका’ असा कौल देणारा एक गट होता. कोणीतरी हे चित्र मूळ छायाचित्रकाराचे नाव न सांगता तिथे ठेवले. सायकलस्वार धूसर आहे वगैरे हरकती निघाल्या आणि चित्र रीतसर बाद झाले. लोक या किश्शावर हसतात ते थोर माणसाला न ओळखल्याबद्दल. आम्हाला ते हसणे चुकीच्या जागी वाटते. नाव ओळखले असते तर तीच मंडळी ‘अप्रतिम’ म्हणून मोकळी झाली असती. जिन्याच्या वळणाने डोळा खाली नेला आणि नेमक्या त्या जागी सायकल धूसर असल्यामुळेच दगड आणि लोखंड इतके स्थिर वाटते, हे सांगणारा अभिप्राय दोन्ही परिस्थितींत आलाच नसता.

याउलट उदाहरण ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचे. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या या बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला. हौशी या शब्दाचा याहून शुद्ध अर्थ सापडणे कठीण. त्यांची चित्रे धूसर असत, काचेच्या निगेटिव्हवरचे डाग आणि ओरखडे तसेच छापले जात, आणि व्यवसायातल्या नियतकालिकांनी यावर भरपूर तोंडसुख घेतले. त्याच काळात त्या आपली चित्रे स्नेही सर जॉन हर्शेल यांना पाठवत. छायाचित्र पक्के करण्यासाठी हायपो वापरावा हे १८३९ साली सांगणारा हाच शास्त्रज्ञ. तांत्रिक शेरे मारण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो यालाच होता. १८६६ साली एका तरुणीचे जवळून घेतलेले व्यक्तिचित्र पाहून त्याने लिहिले, त्याचा आशय असा: हे मस्तक जिवंत आहे, ते कागदातून बाहेर हवेत झेपावते आहे. यात स्तुती आहेच. पण ती चित्राने डोळ्यांवर काय केले याचे वर्णनही आहे. कॅमेरनबाईंना त्यातून कळले असेल की जवळ जाण्याने आणि एका बाजूच्या उजेडाने उठाव साधतो आहे. पुढचे चित्र घेताना उपयोगी पडेल असे काही त्या वाक्यात होते; डागांच्या मोजदादीत ते नव्हते.

इथे काय पणाला लागते, ते एका उदाहरणाने सांगतो. एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आपल्या आईचे छायाचित्र लावले होते. एका खोलीचे घर, जमिनीवर मेथी निवडत बसलेली आई, खिडकीतून येणारा उजेड आणि मागे लालभडक गॅस सिलिंडर, त्यावर धाकट्या भावाच्या वह्यांचा गठ्ठा. परीक्षकांनी आमच्यादेखत सांगितले, ‘सिलिंडर लक्ष वेधून घेतो. तो कापून टाक, नाहीतर चित्र कृष्णधवल कर.’ नियमाप्रमाणे बरोबरच. लाल रंग डोळा ओढतोच. परंतु त्या खोलीत सिलिंडर हेच टेबल होते, आणि चित्रात सांगण्यासारखे जे होते ते नेमके त्या लाल रंगापाशी होते. पुढच्या वर्षी त्याच मुलीने वारीतल्या तुळशीवाल्या बाईचे चित्र लावले. पार्श्वभूमी लोण्यासारखी धूसर, क्षितिज सरळ, विषय तृतीयांशावर. त्याला दुसरे बक्षीस मिळाले. त्यात दोष काढायला जागा नव्हती आणि पाहायलाही फारसे काही नव्हते. एका वाक्यात त्या मुलीला तिचे घर चौकटीबाहेर काढायला शिकवले गेले होते.

त्या पहिल्या चित्रात दोष नव्हता असे नव्हे. मुलीने ते उभे राहून घेतले होते. त्यामुळे आईचे डोळे झाकले जाऊन नुसता भांग दिसत होता आणि वह्या तिच्यापासून तुटल्या होत्या. ती जमिनीवर बसली असती तर आईचा चेहरा आणि वह्यांचा गठ्ठा जवळपास एका रांगेत आले असते. हे सांगायला आयएसओ कळावा लागत नाही. चित्रात काय काय आहे हे आधी मोठ्याने म्हणावे लागते, विशेषण न वापरता, निदान दोन मिनिटे. काढणाऱ्यालाही आपल्या चौकटीत काय आले हे पुष्कळदा ठाऊक नसते. वह्यांचा उल्लेख कोणी केला असता तर कदाचित तिलाच नवल वाटले असते. आणि विचारावे, ‘आणखी कोणती काढलीस?’ रोलच्या काळी छत्तीसच्या छत्तीस चित्रे निगेटिव्हच्या आकारात एका कागदावर छापून घेत. त्या कॉन्टॅक्ट शीटवर माणूस विषयाभोवती कसा फिरला, कुठे घाबरला, कुठे लवकर समाधान पावला, हे दिसे. आज एका सकाळी दोनशे चित्रे निघतात आणि आपण एकावर निवाडा देतो. हौशी माणूस बहुधा काढताना चुकत नाही, निवडताना चुकतो, आणि निवड पाहिल्याशिवाय तिच्यावर बोलता येत नाही.

शिक्षक-प्रशिक्षणातून आलेली एक ‘सँडविच’ पद्धतही आहे: आधी स्तुती, मग दोष, मग पुन्हा स्तुती. मुले हुशार असतात. पहिली स्तुती चालू असताना ती ‘पण’ची वाट पाहत असतात आणि शेवटची ऐकतच नाहीत. कोणी म्हणेल, हौसेला मोल नाही, मग एवढी चिकित्सा कशाला? मोल नसेल तर गुण आणि क्रमांक देऊ नयेत, हे आम्हाला मान्य आहे. पाहण्याची टाळाटाळ मात्र त्या म्हणीत बसत नाही.

जाता जाता रोलाँ बार्थविषयी. १९८० साली आलेल्या त्याच्या छायाचित्रावरील पुस्तकातला ‘पंक्टम’ हल्ली साहित्य विभागांत गरम मसाल्यासारखा भुरभुरला जातो. चित्रातला एखादा तपशील एखाद्या पाहणाऱ्याला अकस्मात टोचतो, तो पंक्टम. तो छायाचित्रकाराने ठरवून पेरलेला नसतो. तेव्हा ‘तुझ्या चित्रात पंक्टम नाही’ असा शेरा विद्यार्थ्याला देणे हा तिरक्या क्षितिजाचाच पदवीधर अवतार म्हणावा लागेल.

साहित्याच्या माणसाला खरोखर अधिकाराने बोलता येईल अशी एक जागा मात्र प्रत्येक प्रदर्शनात असते, ती चित्राखालच्या शीर्षकाची. ‘जीवनसंघर्ष’, ‘आशेचा किरण’, ‘वार्धक्य’. कथेला असे नाव दिले असते तर आपण लाल शाई काढली असती. सुरकुतलेल्या आजीबाईंच्या चित्राखाली ‘वार्धक्य’ लिहिले की त्या बाई नाहीशा होतात, राहते ते भाववाचक नाम. आम्ही अशा वेळी ते शीर्षक खोडून त्या जागी आजींचे नाव, गाव आणि तारीख लिहायला सांगतो. निम्म्या मुलांना नाव ठाऊक नसते. ती विचारायला परत जातात, आणि येताना बहुतेक वेळा दुसरे छायाचित्र घेऊन येतात.