शेवटचे कन्फेशन कधी केले होते?

१/ प्रायश्चित्त संस्कारासाठी गुडघे टेकलेला कॅथलिक मनुष्य बहुधा प्रथम एक हिशेब सांगतो : मागील कन्फेशनला किती काळ लोटला. गेल्या उपवासकाळात वसईतल्या आमच्या चर्चमध्ये माझे उत्तर होते, नऊ वर्षे. हा आकडा उच्चारण्याच्या लाजेपायीच त्यांतली निम्मी वर्षे मी दूर राहिलो होतो. ही लाज किती जुनी, हे इतिहासात शोधून पाहिले.

२/ आरंभीच्या शतकांत नियमित कन्फेशनची प्रथाच नव्हती. बाप्तिस्म्यानंतर खून, व्यभिचार, धर्मत्याग असे महापाप घडले, तर प्रायश्चित्त सार्वजनिक, दीर्घ, आणि आयुष्यात एकदाच. त्यामुळे पुष्कळजण ते मरणसमयापर्यंत लांबवीत.

३/ आयर्लंडच्या मठांत निराळी रीत रुजली : एकांतात निवेदन, पापाच्या मानाने ठरलेले प्रायश्चित्त, आणि पुन्हा चुकल्यास पुन्हा येण्याची मुभा. मठवाशांसोबत ती युरोपभर पसरली. विरोधही झाला. इ.स. ५८९ मध्ये स्पेनमधील तोलेदोच्या धर्मपरिषदेने, पाप घडेल तितक्या वेळा क्षमा मागण्याच्या प्रथेचा कठोर निषेध केला. पुढे मात्र निषिद्ध ठरलेली हीच वाट राजमार्ग झाली.

४/ इ.स. १२१५. पोप तिसरे इनोसंट यांनी बोलावलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कन्फेशन बंधनकारक केले. न पाळणाऱ्यास चर्चप्रवेश बंद, मरणोत्तर ख्रिस्ती दफन नाही. 'किती वर्षे चुकली' या मोजणीला कायद्याचे बळ मिळाले ते येथे. परंतु त्याच कलमात धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे जखमेवर उपचार करावेत, असेही सांगितले आहे. आणि कन्फेशनचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात ठेवण्याची शिक्षाही.

५/ जाळीचा लाकडी कक्ष त्याहून अलीकडचा. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७७ च्या चर्चबांधणीविषयक सूचनांत त्याची रचना सविस्तर दिली. १९७३ च्या नव्या विधीने समोरासमोर बसून निवेदन करण्याचीही मोकळीक दिली.

६/ कन्फेशन हे सत्तेचे साधन होते, असे काही अभ्यासक म्हणतात. वार्षिक सक्तीकडे पाहता हा आक्षेप मी नाकारणार नाही. पण सक्तीच्या कितीतरी आधी, माणसाला दुसऱ्यांदा परतता येते का, हा वाद चर्चमध्ये झडला होता आणि अखेर त्याचे उत्तर 'येते' असे ठरले. माझ्या मते या संस्काराचा गाभा त्या उत्तरात आहे. वर्षांची मोजणी नंतरची.

७/ म्हणून दीर्घकाळ दूर राहिलेल्याला घरच्यांनी आणि धर्मगुरूंनी आधी वर्षे विचारू नयेत. माझा आकडा ऐकून फादर इतकेच म्हणाले, "आलास, बरे झाले." त्यानंतरचे बोलणे मला सोपे गेले.