झाकली मूठ

परवा ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी कलाग्रंथ चाळत होतो. एका वाडग्याचे रंगीत छायाचित्र दिसले आणि पान उलटायचेच विसरलो. काठाशी फिकट जांभळा, खाली उतरता उतरता डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आणि मधूनच शेवाळी ठिपके!

हा वाडगा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक गावच्या ‘रस्किन पॉटरी’चा. बर्मिंगहॅमच्या कलाशाळेचे प्रमुख एडवर्ड रिचर्ड टेलर आणि त्यांचे चिरंजीव विल्यम हाउसन टेलर यांनी १८९८ साली ती काढली. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की हा लाल रंग तांब्याचा! एरवी तांबे झिलईला हिरवा रंग देते. पण सुमारे १३०० अंश सेल्सियसला तापलेल्या भट्टीत हवा कोंडली, की ज्वाळा झिलईतलाच प्राणवायू ओढून घेतात आणि तांबे लाल होते. हवा थोडी कमीजास्त झाली, की रंग बदललाच. म्हणूनच तिथल्या एका वाडग्यासारखा दुसरा नाही.

१९३५ साली पॉटरी बंद पडली. त्याच वर्षी हाउसन टेलरही वारले. मात्र आपल्या झिलईची नक्कल कुणी करू नये, म्हणून तिच्या साऱ्या कृती आणि टिपणे नष्ट करण्यात आली.

कुणी म्हणेल, ज्याने आयुष्यभर भट्टीची धग सोसली, त्याला तेवढा हक्क नको का? हक्क असेल, पण मला हे पटत नाही. प्रत्येक वाडगा जर आगीच्या लहरीवर वेगळा निघतो, तर नुसत्या कृतीवरून नक्कल होणार तरी कशी? नष्ट झाली ती पुढच्या कुंभाराची पहिली पायरी. उलट बर्नार्ड लीच या कुंभाराने १९४० साली पुस्तक लिहून झिलईच्या कृती जगापुढे मांडल्या. त्याने लीच लहान झाले नाहीत. जगभरच्या कुंभारांना मात्र एक गुरू मिळाला.

टेलरांना बोल लावणारा मी कोण? गेल्या परीक्षेच्या वेळी वर्गमित्राने इतिहासाच्या नोट्स मागितल्या, तेव्हा “घरी राहिल्या” असे मी धडधडीत खोटे सांगितले. वही पिशवीतच होती. त्या नोट्स वाचून त्याने माझेच उत्तर लिहिले असते थोडेच! पेपर त्याचा, हात त्याचा, डोकेही त्याचेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण मूठ झाकलेलीच राहिली आणि माणूस निघून गेला, तर त्या सव्वा लाखाचे करायचे काय? वाडगा संग्रहालयात राहतो. विद्या मात्र एका माणसाबरोबर संपते.

त्या मित्राला मी परवाच वही नेऊन दिली. परीक्षा केव्हाच होऊन गेली होती. तो हसला, आणि मला फार लाज वाटली.